कोटगढचें सफरचंद

हापूस, पायरी आणि रायवळ यांतला भेद मराठी घरांतलें लहान मूलहि सांगेल. सफरचंदाच्या बाबतींत मात्र लाल आणि गोड एवढीच ओळख पुरेशी वाटते. वास्तविक ही ओळख साऱ्या सफरचंदांची नव्हे. ती बहुतांशीं एका जातीची आहे, आणि ती जात हिमालयांत येऊन पोंचली त्याला एक इतिहास आहे.

इंग्लंडांत सफरचंदें खाण्याचीं निराळीं, शिजविण्याचीं निराळीं आणि मद्याचीं निराळीं. ब्रॅम्ले ही शिजविण्याची जात. कच्ची खाल्ली तर दांत आंबतात, परंतु साखर घालून शिजविली म्हणजे तिचा मऊ, रुचकर लगदा होतो. खाण्याच्या जातींत मान कॉक्स ऑरेंज पिपिनचा. रिचर्ड कॉक्स या निवृत्त मद्यव्यावसायिकानें १८२५ च्या सुमारास ती बियांपासून वाढविली. सप्टेंबरअखेरीस फळ उतरावें, कांहीं दिवस ठेवावें आणि मग खावें. गोडी, आंबटपणा आणि सुगंध हीं तिन्ही तेव्हां कोठें जुळून येतात.

इंग्रज हिमालयांत आला तो असलीं झाडें बरोबर घेऊनच. कॅप्टन ली यानें १८७० मध्यें कुलूच्या खोऱ्यांत बंदरोल येथें बाग लावली. १८८७ मध्यें अलेक्झांडर कूट्स यानें सिमल्याजवळ मशोब्रा येथें दुसरी. झाडें जगलीं, फळें धरलीं. पण त्यांचें गिऱ्हाईक म्हणजे साहेब लोक. मैदानांतल्या माणसानें पैसे मोजून आंबट फळ कां घ्यावें? आंबटाची हौस भागवायला त्याच्या घरीं चिंच आणि कैरी होतीच.

येथेंच सॅम्युएल स्टोक्स यांची गोष्ट सुरू होते. फिलाडेल्फियाच्या सधन क्वेकर घराण्यांत १८८२ मध्यें जन्मलेले हे गृहस्थ १९०४ मध्यें सुबाथूच्या कुष्ठाश्रमांत सेवा करण्यासाठीं हिंदुस्थानांत आले. पुढें ते कोटगढ येथें स्थायिक झाले आणि १९१२ मध्यें त्यांनीं तेथल्याच मुलीशीं विवाह केला. हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावरच्या या डोंगरांत त्या वेळीं बेगारीची पद्धत होती. साहेबाची स्वारी निघाली कीं शेतकऱ्यानें हातांतलें काम टाकून ओझें उचलावयाचें, मग शेतांत पीक उभें कां असेना. स्टोक्स यांनीं या पद्धतीविरुद्ध लोकांना उभें केलें, आणि १९२१ मध्यें कोटगढ भागापुरती तरी ती मोडली. त्याच वर्षाच्या अखेरीस असहकाराच्या चळवळींत त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९३२ मध्यें त्यांनीं हिंदु धर्म स्वीकारून सत्यानंद हें नांव घेतलें. १९४६ मध्यें, स्वातंत्र्य अवघें एका वर्षावर आलें असतां, ते निवर्तले.

परंतु बेगार गेली म्हणून पोट भरत नाहीं. चढणीच्या तुटपुंज्या शेतांत मका-गहूं पेरून रोख पैसा कोठून येणार? त्याचें उत्तर स्टोक्स यांनीं आधींच जमिनींत लावून ठेविलें होतें. १९१६ मध्यें त्यांनीं अमेरिकेतल्या मिझुरी प्रांतांतील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेंतून रेड डेलिशस या जातीचीं कलमें आणविलीं होतीं.

या जातीचा जन्म मोठा गंमतीचा आहे. आयोवा प्रांतांतील जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेंत एक रोप आपण होऊन, ओळीबाहेर उगवलें. त्यानें तें दोनदां छाटलें. तें पुन्हां फुटलें, तेव्हां कंटाळून त्यानें तें राहूं दिलें. त्याचीं फळें १८९३ मध्यें स्टार्क यांच्या प्रदर्शनांत पहिलीं आलीं, पण धाडणाऱ्याचें नांव-पत्ता हरवला! सुदैवानें त्यानें पुढल्या वर्षीं फळें पुन्हां पाठविलीं, म्हणून शोध लागला. तळाशीं पांच उंचवटे असलेलें, लांबट, आंबटपणा जवळजवळ नसलेलें हें फळ हिंदी जिभेला मानवलें. दिसायलाहि तें देखणें, आणि जाड सालीमुळें खेंचरांच्या पाठीवरून स्टेशन गांठण्याइतकें टिकाऊ. स्टोक्स यांनीं शेजाऱ्यांना कलमें दिलीं, लागवड शिकविली, आणि हळूहळू कोटगढचे उतार बागांनीं भरून गेले.

त्या लाटेंत कांहीं मागें पडलें, तेंहि सांगितलें पाहिजे. काश्मीरची अंबरी ही अस्सल देशी जात. ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरांत पिकते, सुवास उत्तम, आणि हिवाळाभर टिकते. पण तिचें झाड फळावर यायला फार वर्षें घेतें. डेलिशस लवकर पैसा देते. काश्मिरांतहि तीच पसरली.

डेलिशसची एक अडचण मात्र रंगानें झांकत नाहीं. तिचा पराग तिच्याच फुलाला चालत नाहीं. त्याच वेळीं फुलणारी दुसरी जात, बहुधा पिवळी गोल्डन डेलिशस, जवळ हवी. गोल्डन सप्टेंबरांत, रेडच्या मागून उतरते. चवीला ती कित्येकांना अधिक आवडते, परंतु बाजारांत लालीला भाव अधिक. म्हणून बागायतदार तिला जागा देतांना हात आखडतो. मग एप्रिलांत फुलोरा आला कीं मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानें आणावयाच्या, आणि गोल्डनच्या फुललेल्या डहाळ्या पाण्याच्या पिशवींत खोंचून रेडच्या फांद्यांवर टांगावयाच्या. त्या फुलांवर माशी बसली, तर ऑगस्ट-सप्टेंबरांत पेटी भरते.