कॉलबॉयची वही

गोंदिया स्टेशनाला रात्र अशी नसतेच. हावडा-मुंबई मार्गावरच्या या जंक्शनातून मध्यरात्रीनंतरही मेल आणि मालगाड्या धडधडत जातात. गाडी रात्री दोनची असो की पहाटे चारची, ड्रायव्हर वेळेवर इंजिनावर हवा. घरोघरी फोन नव्हते, त्या काळात त्याला उठवायला रेल्वेने माणूसच नेमला होता. त्याला म्हणत कॉलबॉय. क्वार्टरची कडी वाजवायची, आतून नुसती ‘ओ’ आली तरी परत फिरायचं नाही. ड्रायव्हरकडून वहीत सही घ्यायची, वेळ टाकून.

माणूस कडी वाजवून उठे. इंजिनाचं तसं नव्हतं.

नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८०च्या दशकात या भागातून गेला. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडीच फुटी रुळांची छोटी गाडी गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे निघाली, दुसरी नागभीडकडे. इंजिनं सगळी वाफेची. थंड पडलेल्या बॉयलरमध्ये वाफ धरायला कित्येक तास लागत. म्हणून दोन फेऱ्यांच्या मधल्या रात्री आग विझवत नसत. चुलीतला विस्तव राखेखाली जपावा तशी दाबून ठेवत. कोणीतरी काचेच्या नळीतलं पाणी पाहत जागं राही. पाणी फार उतरलं, तर फायरबॉक्सच्या छतातला लेड प्लग वितळून वाफ थेट आगीवर येई. सकाळच्या गाडीसाठी यंत्र रात्रभर जागं, आणि त्याच्यासाठी माणूसही.

सुरुवातीच्या मोठ्या संगणकांचंही असंच होतं. ते सहसा बंद करत नसत. त्यामुळे १९७९च्या ‘युनिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ‘क्रॉन’ या प्रोग्रामला झोपेचा विचारच करावा लागला नाही. दर मिनिटाला घड्याळ पाहायचं आणि नेमून दिलेलं काम सुरू करायचं, एवढंच त्याचं काम. टेबलावरचे संगणक वीज वाचवण्यासाठी डुलक्या घेऊ लागले, तेव्हा पंचाईत झाली. रात्री दोनला फायलींची प्रत काढायची आणि यंत्र झोपलेलं, तर साधा क्रॉन ते काम सोडून देतो. सकाळी भरूनही काढत नाही.

उपाय आधीपासूनच यंत्राच्या पोटात होता. आयबीएमच्या १९८४च्या ‘पीसी एटी’मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ होतं, गजरासकट. झोपण्या-उठण्याची सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देणारं ‘एसीपीआय’ हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने १९९६मध्ये आणलं. आता विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एका चौकटीत खूण केली, की कामाच्या वेळी संगणक उठतो. बॉयलरला तास लागत, याला काही सेकंद पुरतात. म्हणून याला झोपू देणं परवडतं.

रेल्वेतही ड्रायव्हर-गार्डच्या पाळ्या आता ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेच्या क्रू मॅनेजमेंट सिस्टिमवर लागतात. बोलावणं मोबाइलवर येतं, हजेरी लॉबीतल्या यंत्रावर लागते. वहीची सवय मात्र यंत्रांनीही उचलली आहे: रात्रीत संगणक उठला असेल, तर किती वाजता आणि कशामुळे, याची नोंद सकाळी विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये पाहायला मिळते.