हर्ब बेनेट : एका आशीर्वादित रानफुलाच्या नावाची कथा

युरोपातील रानांच्या कडेला, मोठ्या वृक्षांच्या सावलीत आणि कुंपणांच्या ओलसर पायथ्याशी, मे ते ऑगस्ट या महिन्यांत एक लहानसे पिवळे फूल फुलते. त्याला पाच सुट्या पाकळ्या असतात. पाने बहुधा तीन-तीन दलांची असतात. फूल गळून गेल्यावर आकडेदार कुसळांचे एक बोंड उरते आणि ते वाटसरूच्या वस्त्राला किंवा मेंढराच्या लोकरीला चिकटून दूरवर जाते. गुलाबाच्या कुळातील या वनस्पतीला लिनेयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली 'जेउम उर्बानुम' असे नाव दिले. इंग्लंडमधील ग्रामीण जन मात्र तिला पूर्वापार 'हर्ब बेनेट' म्हणत आले आहेत. या लोकनावात ख्रिस्ती इतिहासाचे एक छोटेसे पान दडलेले आहे. ते वाचकांपुढे उलगडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

बेनेट हे बेनेडिक्ट या नावाचे जुने इंग्रजी रूप होय. साहजिकच ही वनस्पती संत बेनेडिक्ट यांची, अशी समजूत रूढ झाली. सन ४८०च्या सुमारास इटलीतील नुर्सिया येथे जन्मलेल्या आणि मोंते कास्सिनो येथे मठ स्थापन करणाऱ्या या संताची एक कथा पोप महान ग्रेगरी यांनी आपल्या 'संवाद' या ग्रंथात सांगितली आहे. त्यांच्या कडक शिस्तीला कंटाळलेल्या काही मठवासीयांनी त्यांच्या द्राक्षारसात विष कालवले. संतांनी भांड्यावर क्रुसाची खूण करताच ते भांडे फुटून गेले. इकडे या वनस्पतीचे मूळ विषावर उतारा आहे आणि ते घरात ठेवल्यास सैतान उंबरठा ओलांडत नाही, अशी मध्ययुगीन लोकांची श्रद्धा होती. मग संताची कथा आणि झाडाचे नाव यांची सांगड लोकमनाने घातली, यात नवल ते काय?

परंतु लॅटिन व्याकरण वेगळीच साक्ष देते. मध्ययुगीन लॅटिनमध्ये या वनस्पतीचे नाव 'हेर्बा बेनेडिक्टा' असे आहे. संत बेनेडिक्ट यांची वनस्पती असे म्हणावयाचे असते, तर षष्ठी विभक्ती योजून 'हेर्बा बेनेडिक्टी' असे लिहावे लागले असते. 'बेनेडिक्टा' हे येथे विशेषनाम नाही. ते 'हेर्बा' या स्त्रीलिंगी नामाला जुळणारे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ आहे 'आशीर्वादित'. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड या स्वतः बेनेडिक्टाईन मठाच्या प्रमुख होत्या. त्यांनीही आपल्या निसर्गविषयक ग्रंथात 'बेनेडिक्टा' हेच नाव योजले आहे. फ्रेंच भाषेत आजही या वनस्पतीला 'बनवात' म्हणतात, आणि हे रूपही स्त्रीलिंगीच आहे. हेच विशेषण पिवळ्या फुलांच्या एका औषधी काटेरी वनस्पतीलाही लागलेले आढळते. जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्लंडला पोहोचला, त्याचे 'बेनेट' झाले, आणि ऐकणाऱ्यांनी विशेषणाचा संत केला.

आता प्रश्न उरतो, हीच वनस्पती आशीर्वादित का? त्याचे एक उत्तर तिच्या मुळात आहे. ताजे मूळ उपटून चुरडले की त्याला लवंगेचा गंध येतो. हा भास नव्हे. मूळ चुरडताच त्यातील एका संयुगापासून युजेनॉल सुटते, आणि लवंगेच्या तेलाचा मुख्य घटकही तोच आहे. ज्या काळी लवंग केवळ दूरच्या मोलुकास बेटांत पिकत असे आणि अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून युरोपात पोहोचेपर्यंत महागडी होत असे, त्या काळी गरिबाच्या दारी हे मूळ फुकट उगवत होते. ते कपड्यांत ठेवून कसर दूर राखली जाई, बिअरला त्याचा स्वाद दिला जाई, पोटाच्या विकारांवर त्याचा काढा घेतला जाई. पोर्तुगीज १५१२ साली मोलुकास बेटांत पोहोचले. पुढे १५४६ साली त्याच लवंगांच्या बेटांवर संत फ्रान्सिस झेवियर यांनी सुवार्ताप्रसार केला. त्यांचे पार्थिव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. ज्या सुगंधासाठी राजांनी गलबते धाडली, तो रानाच्या कडेला विनामूल्य मिळावा, याला सामान्य माणूस आशीर्वाद म्हणाला!

श्रद्धेने या फुलाकडे आणखी एका दृष्टीने पाहिले. पानाच्या तीन दलांत लोकांना पवित्र त्रैक्य दिसले आणि पाच पाकळ्यांत प्रभूच्या पाच जखमा. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड आदी देशांत मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, १५ ऑगस्टला, औषधी वनस्पतींच्या जुड्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घेण्याची प्रथा आजही चालू आहे. गोव्यात त्याच महिन्यात भाताची नवी कणसे वेदीपुढे आणली जातात. देश निराळे, पीक निराळे, भाव मात्र एकच.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. 'हर्ब बेनेट' हे नाव जुन्या इंग्लंडमध्ये हेमलॉकलाही लावले जात असे. हेमलॉक म्हणजे सॉक्रेटिसला पाजले गेले ते विष. नाव पवित्र असले म्हणून वस्तू ओळखण्याच्या जबाबदारीतून आपली सुटका होत नाही. वनस्पतींच्या बाबतीत हे खरे आहे, तसे माणसांच्या आणि शिकवणुकींच्या बाबतीतही.

आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ बंद करण्यात आले. ग्रंथालये उधळली गेली, इमारतींचे दगड विकले गेले. लॅटिन प्रार्थना थांबली. तरीही शेतकऱ्यांच्या तोंडी 'हर्ब बेनेट' हा शब्द राहिला. लॅटिन आशीर्वादाचा एक तुकडा आपण उच्चारतो आहोत, हे बोलणाऱ्यांना ठाऊकही नव्हते. राजाज्ञेला मठाच्या भिंती पाडता आल्या, पण बोलीतला शब्द पाडता आला नाही.

मग संत बेनेडिक्ट यांची कथा फेकून द्यावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. संतांचा महिमा एखाद्या झाडाच्या नावावर अवलंबून नाही. त्यांची नियमावली त्यांना पुरेशी आहे. शिवाय त्यांच्या नावाचा अर्थही 'आशीर्वादित' असाच आहे. संत आणि रानफूल हे एकमेकांचे ऋणी नाहीत. दोघांनी एकाच शब्दातून आपापले नाव घेतले आहे. 'बेनेडिचेरे' म्हणजे चांगले बोलणे. उत्पत्तीच्या पुस्तकात तिसऱ्या दिवशी भूमीने वनस्पती उपजवल्या आणि देवाला ते चांगले दिसले. रानातल्या एका दुर्लक्षित पिवळ्या फुलाविषयी कोणा अनामिकाने तेच चांगले बोलून ठेवले, आणि ते शतकानुशतके टिकले. आपल्या अंगणातल्या, बांधावरच्या झाडांना आपल्या आजीआजोबांनी कोणती नावे दिली आणि का दिली, हे त्यांच्या हयातीतच विचारून घ्यावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.