मयताच्या फोटोतले देवदूत

'लुकिंग फॉर लँग्स्टन' सुरू होतो तो मयतापासून. फुलं, शोकात उभी असलेली माणसं आणि उघड्या शवपेटीत निपचित पडलेला खुद्द दिग्दर्शक आयझॅक जुलियन. साल 1989, चित्रपट कृष्णधवल, लांबी जेमतेम पाऊण तास. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या प्रेमावर पुढे निघालेल्या कितीतरी प्रायोगिक लघुपटांची कुळी मी तरी या पेटीपाशीच शोधेन.

या चित्रपटात देवदूतही वावरतात. ते आले न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या जेम्स व्हॅन डर झी यांच्या फोटो स्टुडिओतून. घरातलं माणूस गेलं की हार्लेमची कुटुंबं या फोटोग्राफरला बोलावत. ते पेटीतल्या देहाचा फोटो काढत आणि छापताना त्यावर दुसऱ्या निगेटिव्हमधले देवदूत उतरवत. डार्करूमपुरती ती कारागिरी. पण भिंतीवर फोटो लावणाऱ्या आईला ती कारागिरी वाटत असेल, असं वाटत नाही. हे फोटो 1978मध्ये 'द हार्लेम बुक ऑफ द डेड' या पुस्तकात आले, आणि तिथून ते जुलियनच्या डोळ्यांत भरले.

जुलियन लंडनचा. तिथल्याच ब्रिक्स्टन भागात 1981मध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलिसांत दंगल पेटली. पाठोपाठ चॅनल फोर या ब्रिटिश दूरचित्रवाहिनीने छोट्या चित्रपटगटांना पैसा देऊ केला, आणि 1983मध्ये जुलियन व त्याच्या मित्रमैत्रिणींनी 'सांकोफा' हा गट काढला. घानातल्या अकान लोकांचा हा शब्द : मागे जा, राहिलेलं घेऊन ये. त्याचं चिन्ह म्हणजे मान मागे वळवलेला पक्षी.

मागे जाऊन आणायचं कुणाला? 1967मध्ये वारलेले हार्लेमचे कवी लँग्स्टन ह्यूज यांना. आपण कुणावर प्रेम केलं, हे त्यांनी उघड कधी सांगितलं नाही. ज्यांचा वंश रक्ताने चालत नाही, त्यांना पितरसुद्धा धुंडाळून आणावे लागतात. शिवाय पेटी नुसतं रूपक नव्हती. ते एड्सचे दिवस होते. या चित्रपटात कृष्णवर्णीय समलिंगी कवी एसेक्स हेम्फिलच्या कविता आहेत. त्याच वर्षीच्या मार्लन रिग्जच्या 'टंग्ज अनटाइड' या चित्रपटातही हेम्फिल आहे. रिग्ज 1994मध्ये गेला, हेम्फिल 1995मध्ये, दोघेही एड्सनेच.

ह्यूज यांच्या कवितांचे हक्क सांभाळणाऱ्यांना हे शोधकार्य रुचलं नाही. न्यूयॉर्कच्या महोत्सवात चित्रपट लागला, तेव्हा ह्यूज यांचं काव्यवाचन आलं की आवाज बारीक केला जाई. पडद्यावर कवी आपले ओठ हलवत राहिले.