एका उदाहरणावर उभा राहिलेला सिद्धांत

व्याकरणाच्या तासाला आपण शब्दांचे लिंग शिकवतो: तो घोडा, ती नदी, ते झाड. जीवशास्त्राच्या तासाला तोच शब्द शरीरासाठी येतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द होते. 'सेक्स' हा शरीरासाठी, तर 'जेंडर' हा मुख्यतः व्याकरणासाठी. हा व्याकरणातला शब्द मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी १९५५ साली माणसाला लावला. एखादी व्यक्ती बोलण्यावागण्यातून आपण पुरुष आहोत की स्त्री हे जे व्यक्त करते, त्याला त्यांनी 'जेंडर रोल' असे नाव दिले. आज आपण ज्याला 'लिंगभाव' म्हणतो, त्या कल्पनेचे एक मूळ इथे आहे.

मनी यांचा जन्म न्यूझीलंडमध्ये १९२१ साली झाला. ज्यांची जननेंद्रिये जन्मतः स्पष्टपणे पुरुषाची किंवा स्त्रीची नसतात अशा, म्हणजे आंतरलिंगी, व्यक्तींच्या सुमारे अडीचशे नोंदी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातील प्रबंधासाठी तपासल्या. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांना असे आढळले की, अशा मुलांना मुलगा म्हणून वाढवले तर ती बहुधा स्वतःला मुलगा मानतात आणि मुलगी म्हणून वाढवले तर मुलगी. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, लिंगभाव संगोपनाने ठरतो आणि तो साधारण पहिल्या दीड-दोन वर्षांत पक्का होतो. तेव्हा शस्त्रक्रिया लवकर करावी आणि मुलाला निःशंकपणे वाढवावे, हा सल्ला ओघानेच आला.

पण हा नियम सर्वच मुलांना लागू पडेल का? १९६७ मध्ये मनी यांच्यासमोर एक विलक्षण प्रसंग आला. कॅनडातील विनिपेग येथे १९६५ साली ब्रूस आणि ब्रायन रायमर हे एकसारखे जुळे भाऊ जन्मले होते. ब्रूसची सुंता करताना विजेच्या उपकरणाने त्याचे शिश्न जळून नष्ट झाले. हतबल आईवडिलांनी दूरचित्रवाणीवर मनी यांना पाहिले आणि त्यांच्याकडे धाव घेतली. सल्ल्यानुसार ब्रूसची वृषणे काढण्यात आली व त्याला 'ब्रेंडा' म्हणून वाढवण्यात येऊ लागले. जनुके तीच, घर तेच, फक्त संगोपन वेगळे! सिद्धांताला याहून चांगली कसोटी कोणती मिळणार?

१९७२ च्या पुस्तकात मनी यांनी हा बदल यशस्वी झाल्याचे लिहिले. हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत गेले आणि आंतरलिंगी बालकांवरील शस्त्रक्रियांना त्याचा आधार मिळाला.

प्रत्यक्षात ब्रेंडाने मुलगी होणे कधीच स्वीकारले नव्हते. मनी यांच्या भेटींत आपल्याला जे करायला लावले जाई ते अपमानास्पद होते, असे दोघा भावांनी पुढे सांगितले. १९८० मध्ये वडिलांनी खरे सांगितले, तेव्हा चौदा वर्षांच्या ब्रेंडाने मुलगा म्हणून जगायचे ठरवले व 'डेव्हिड' हे नाव घेतले. मनी यांनी मात्र हा बदल फसल्याचे जाहीर केले नाही. जगाला ते कळले १९९७ साली, मिल्टन डायमंड आणि कीथ सिग्मंडसन यांच्या शोधनिबंधातून. मधल्या सतरा वर्षांत किती बालकांवर त्याच भरवशावर शस्त्रक्रिया झाल्या असतील! २००४ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, डेव्हिडने आत्महत्या केली. त्यामागे एकच कारण नव्हते. पण बालपणाची जखम त्यांत होतीच. २००६ मध्ये मनी यांचेही निधन झाले.

मग 'सारे काही जन्मतःच ठरते' असे म्हणायचे का? घाई नको. १९९८ साली कॅनडातीलच दुसरी एक नोंद प्रसिद्ध झाली. तिथेही सुंतेच्या वेळी तान्ह्या मुलाला अशीच इजा झाली होती आणि पहिल्या वर्षातच त्याला मुलगी म्हणून वाढवायला सुरुवात झाली होती. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानत होती. एका उदाहरणाने मनी यांचा सिद्धांत सिद्ध होत नव्हता, तसाच एका उदाहरणाने उलटा सिद्धांतही सिद्ध होत नाही. जनुके, संप्रेरके आणि संगोपन यांची गुंफण अजून पूर्ण उलगडलेली नाही.

मनी यांनी दिलेला शब्द टिकला. त्याच्याशिवाय आज या विषयावर बोलताही येत नाही. त्यांची उपचारपद्धती मात्र वादात सापडली. आपल्याकडे २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तामिळनाडू सरकारने, जिवाला धोका नसेल तर, आंतरलिंगी बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली. त्यामागचे सूत्र साधे आहे: शरीर ज्याचे, निर्णय त्याचा, तो घेण्याइतके त्याला मोठे होऊ द्यावे.

आमच्या मते शिक्षकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकातले ठळक उदाहरण शिकवताना, 'हे किती जणांवरून काढले आणि ज्याच्यावरून काढले त्याला कुणी विचारले का?' असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. विनिपेगच्या त्या मुलाचे म्हणणे वेळेवर कुणी नोंदवले असते, तर हा इतिहास वेगळा झाला असता.