शब्दकर्त्याचा स्वर : पीट सिनफील्डचा ‘स्टिल’

‘किंग क्रिम्झन’ या ब्रिटिश रॉकसमूहाच्या १९६९च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर पीट सिनफील्डची नोंद ‘शब्द आणि प्रकाशयोजना’ अशी आहे. १९७१पर्यंतच्या चार ध्वनिमुद्रिकांतील त्याची गीते मुख्यतः ग्रेग लेक, गॉर्डन हॅस्केल आणि बॉझ बरेल यांनी गायिली. १९७३च्या ‘स्टिल’मध्ये शब्दकर्ता प्रथमच स्वतः गातो. हा स्वर मृदू, काहीसा संकोचलेला आहे. शीर्षकगीतात लेकचा कसलेला आवाज त्याच्या जोडीला येताच ही मर्यादा उघड होते. मात्र तीच अर्थपूर्ण ठरते. समूहाच्या भव्य नादरचनेत उद्घोषासारखी भासणारी त्याची प्रतिमासृष्टी येथे आत्मनिवेदनाच्या पातळीवर येते. शीर्षकातील इंग्रजी शब्दाचे ‘निश्चल’ आणि ‘तरीही’ हे दोन्ही अर्थ या स्वराला लागू पडतात. गीताचे कर्तृत्व संहितेइतकेच उच्चारातही असते, हे गीतसमीक्षेने त्यावरून ध्यानी घ्यावे.