कावळ्याचा आवाज सगळ्यांनाच काढता येतो

“मला मेलीला वाचता येत नाही, मी पोराचा काय अभ्यास घेणार?” गटाच्या बैठकीत हे वाक्य नेहमी कानावर येतं. आज त्यावरच एक जुनी हकिकत सांगते.

१६५८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात मुलांसाठी चित्रांचं एक पुस्तक छापलं गेलं. लिहिणारे कोमेनियस हे युद्धामुळे देशोधडीला लागलेले धर्मगुरू आणि शिक्षक. पुस्तकात आधी मुळाक्षरं आणि बहुतेक अक्षरांशेजारी एकेका प्राण्याचं चित्र आणि त्याचा आवाज. पहिल्याच अक्षराला कावळा! म्हणजे पोरानं आधी कावळ्यासारखं ओरडायचं, मग अक्षर ओळखायचं. आता सांगा, कावळ्याचा आवाज काढायला कुणाला शाळेत जावं लागलंय?

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे १९५७ पासून कोसबाडला. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड वापरले. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. समोर गुरं चरताहेत आणि मुलं शिकताहेत. मला तर हे कोणत्याही रंगीत पुस्तकापेक्षा मोठं वाटतं.

पण पुस्तकही हवंच. विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ हा बालकवितांचा संग्रह १९६१ सालचा. राणीची बाग म्हणजे मुंबईत भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. ते आपल्यातल्या किती पोरांनी पाहिलंय? शेळीचं चित्र नसलं तरी आपल्या पोरांचं अडत नाही, पण गेंडा चित्राशिवाय कळायचा कसा? म्हणून कविता शिक्षकांनी किंवा मोठ्या बहिणीनं वाचावी, आणि आईनं चित्रावर बोट ठेवून विचारावं, हा काय खात असेल? आपल्या म्हशीहून मोठा असेल का? पोराला घरच्या बोलीत उत्तर देऊ द्यावं. आणि कविता संपली की “यातून काय बोध घेतला?” असं तेवढं विचारू नका. हसणारं पोर तिथंच गप्प होतं.

पुढच्या बैठकीला येताना शाळेतून प्राण्यांच्या कवितांचं एक चित्रमय पुस्तक मागून आणा. सही करता येत नसेल तर अंगठा देऊन आणा.