अठरा तास, आठ तास आणि फुरसतीचा हक्क

एप्रिल महिना आला की बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त ठिकठिकाणी ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजातील मुले-मुली रात्र होईपर्यंत पुस्तक घेऊन बसतात, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण या उपक्रमातून नकळत एक चुकीचा धडाही रुजतो: जो स्वतःला जाळून घेतो तोच खरा आंबेडकरवादी, आणि ज्याला विश्रांती हवी तो कच्चा. बाबासाहेबांच्या अठरा तासांची आठवण काढताना, याच बाबासाहेबांनी कामगाराच्या कामाचे तास कमी करणारा कायदा आणला हे आपण विसरतो.

हा प्रश्न आम्हाला आज का महत्त्वाचा वाटतो? नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी आपली मुले आम्ही रोज पाहतो. बारा तासांची पाळी, त्यावर येण्याजाण्याचा वेळ, मग विहारातली बैठक आणि रविवारी शिबिर. तिशीतच झोप उडते, चिडचिड वाढते, घरच्यांशी बोलणे तुटते. एक दिवस तो कार्यकर्ता यायचा बंद होतो. आपण म्हणतो, ‘थंड पडला’, ‘विकला गेला’. तो थकला असेल का, हे कुणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, व्याख्या केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत: सगळी शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. हे कामाच्या ठिकाणच्या, न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येते, असे संघटना सांगते. म्हणजे दोष कामाच्या रचनेत शोधायचा आहे, माणसाच्या मनोबलात नव्हे. आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. नाव नवे आहे.

वतन: ज्या कामाला सीमाच नव्हती

महारवतन म्हणजे काय होते? सरकारी अंमलदाराचे सामान वाहणे, सारा तिजोरीपर्यंत पोहोचवणे, गावाच्या वेशीवर राखण करणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले जनावर ओढणे. पण या यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की या कामाला वेळ नव्हती. हाक आली की निघायचे, दिवस असो वा रात्र. घरचा कर्ता हजर नसेल तर बाप, भाऊ, घरातले जे कोणी असेल त्याने जायचे. एका माणसाच्या नावावर सगळे कुटुंब राबत होते. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. चोवीस तास बांधलेला माणूस शिकू शकत नाही, दुसरा धंदा करू शकत नाही, गावाविरुद्ध ब्र काढू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

जातिव्यवस्थेने जमीन, पाणी आणि विद्या नाकारली हे आपण नेहमी सांगतो. तिने फुरसतही नाकारली, हे मात्र सांगायचे राहून जाते. एका वर्गाला जन्माने निवांतपणा मिळाला, दुसऱ्याला जन्माने राबणे.

लोखंडे ते मनमाड

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज सत्यशोधकांनी उठवला. जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज ‘वीकेंड’ म्हणून जो दिवस आपण घालवतो, त्यामागे एका सत्यशोधकाची लढाई आहे.

पुढचा टप्पा आपल्या नाशिक जिल्ह्यातला आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, आणि ती फक्त ब्राह्मणांत असते असे नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले.

या भाषणातील तपशील आजही वाचण्यासारखा आहे. अस्पृश्य कामगार रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला बढती नाही. त्याला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आड येतो. म्हणजे कष्ट सर्वांत जड आणि पुढे जाण्याची वाट बंद. माणूस नुसत्या कष्टाने मोडत नाही. कष्टाला मान नसेल, फळ नसेल आणि अंत नसेल तेव्हा तो मोडतो.

कायदा नेमका काय झाला?

‘बाबासाहेबांनी चौदा तासांचे काम आठ तासांवर आणले’ हा मेसेज दरवर्षी फिरतो. आपण नेमके बोलले पाहिजे, कारण विरोधक आपली एक चूक पकडून सगळेच नाकारतात. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला १० तास आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास झाली, म्हणजे सहा दिवसांच्या हिशेबाने रोजचे आठ तास. जादा कामाला दुप्पट दर आला. त्याआधी १९४५ मध्ये कारखाना कामगारांना भरपगारी रजा मिळाली. सत्य एवढे मोठे असताना ते फुगवण्याची गरज काय?

त्यामागचा विचारही समजून घेऊ. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात बाबासाहेब यंत्रांची बाजू घेतात ती यासाठी की, यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही. पशू राबतो आणि खातो. माणसाला वाचायला, विचार करायला, संघटित व्हायला वेळ हवा. त्यांच्या दृष्टीने विश्रांती म्हणजे आळस नव्हे. ती माणूसपणाची अट आहे.

आज काय चालले आहे?

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगितले गेले. पण कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय, हे औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. नकार दिला की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

सुशिक्षितांचीही सुटका नाही. कार्यालयात ‘कोट्यातला’ हा शेरा ऐकणारा आपला मुलगा किंवा मुलगी स्वतःची लायकी सिद्ध करण्यासाठी दुप्पट राबते, रजा मागायला घाबरते, आजारपण लपवते. अशा ठिकाणी कंपनीने तासभराचे ध्यानाचे सत्र ठेवून काय होणार? ध्यान ही आपल्याच परंपरेची देणगी आहे, तिला आमचा विरोध नाही. पण बुद्धांनी सिगालाला उपदेश करताना मालकाची कर्तव्येही सांगितली: कुवतीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. ध्यान घ्यायचे आणि ही कर्तव्ये सोडायची, हा धम्म नव्हे.

चळवळीने आधी स्वतःपासून सुरुवात करावी

मालकाला जाब विचारणाऱ्या आपल्या संघटनांत काय चालते? तीच चार माणसे पोस्टर लावतात, तीच वर्गणी मागतात, तीच पोलीस ठाण्यात जातात. महिला कार्यकर्त्या त्याआधी आणि त्यानंतर घरचा स्वयंपाकही करतात. हेही एक प्रकारचे वतनच झाले.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तरी तो थांबला नाही, कारण दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथे सांभाळला. मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रही तुकड्यांनी बसत. पाच वर्षांचा लढा एका माणसाच्या जागरणावर चालत नाही. जबाबदारी वाटून घेतली तरच तो टिकतो.

म्हणून आमच्या साध्या मागण्या आहेत. प्रत्येक जबाबदारीला दुसरा माणूस तयार ठेवा. बैठकीची संपण्याची वेळ आधी जाहीर करा आणि पाळा. आठवड्यातला एक दिवस कार्यकर्त्याला घरासाठी सोडा. जो यायचा थांबला त्याच्या घरी जा, जाब विचारायला नव्हे, विचारपूस करायला. मन फारच खचले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सरकारी मदत मोफत मिळते, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि कारखान्यात काम करत असाल तर हजेरीची, जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. दुप्पट दर मागताना तीच उपयोगी पडेल.

अठरा तास अभ्यास जरूर करा. पण पुढच्या जयंतीला त्याच मंडपात ४८ तासांच्या कायद्यावर एक व्याख्यान ठेवा, आणि पाळीवरून सुटणाऱ्या कामगारांना येता येईल अशा वेळी ठेवा.

जय भीम!